दोघांच्या बदल्यात एक

बडोद्यात मी सरकारी शाळेत मास्तर होतो आणि संध्याकाळी रावपुऱ्याच्या मागच्या आखाड्यात जायचो. जोर-बैठका मला कधी जमल्या नाहीत. माझं काम सरावाच्या वेळी हुतूतूच्या मधल्या रेषेशी उभं राहून कोण बाद, कोण नाही ते सांगण्याचं. त्यामुळे आखाड्यात काहीही बिनसलं की लोक माझ्याकडे येत. शाळेतली पोरं निदान मारामारी करून मोकळी व्हायची. ही मोठी माणसं मनात धरून बसायची.

एका रविवारी सकाळी आमचे वस्ताद माझ्या घरी आले. वस्ताद कधी कुणाच्या घरी जात नसत, म्हणून माझ्या पत्नीनं लगबगीनं सतरंजी घातली. त्यांनी चहा घेतला नाही. आमच्या खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत ते म्हणाले, की अकोट्याच्या आखाड्याकडून निरोप आलाय. ते आमच्या चढाईवाल्याला मागतायत आणि त्याच्या बदल्यात त्यांचे दोन गडी देतायत.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. आखाड्यातला गडी म्हणजे काही बैलजोडी नव्हे. ज्या मातीत माणूस वाढला, तिथेच तो म्हातारा व्हायचा. कुणी रागावून दुसरीकडे गेला तर दोन्हीकडचे लोक वर्षभर एकमेकांशी बोलत नसत. पण अशी ठरवून, बसून केलेली अदलाबदल मी तरी ऐकली नव्हती.

"तीन माणसं नेमलीत मी," वस्ताद म्हणाले. "त्यात तुम्ही एक. हा सौदा करायचा की नाही, तुम्ही सांगा. मी ऐकेन."

हा चढाईवाला कोण, ते सांगायला हवं. हुतूतूत ज्यानं दम धरून दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं, गडी शिवून दम तुटायच्या आत परत यायचं, त्या कामात बडोद्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. त्याचे वडील सरकारी पागेत होते आणि तोही तिथेच घोड्यांच्या चाकरीला लागलेला. सडपातळ, लांब हातांचा, कमी बोलणारा. तो रेष ओलांडून गेला की समोरचे सगळे गडी मागे सरकत, आणि बघणारे पुढे.

पण वर्षभर तो बिघडला होता. सरावाला उशिरा यायचा. आला तरी सदरा न काढता भिंतीला टेकून बसायचा. वस्तादांनी हाक मारली की उठायचा, एक चढाई करायचा आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसायचा. नव्या पोरांना काही दाखवत नसे. एकदा वस्तादांच्या पुतण्याशी त्याची बोलाचाली झाली. पुतण्याला त्या वर्षी संघाचा नायक केलं होतं. चढाईवाला सगळ्यांसमोर म्हणाला, की नायक कुणालाही करा, मला शेवटच्या चढाईला पाठवत नाही त्याचं कारण तेवढं सांगा. पुतण्यानं काकांकडे पाहिलं. काका लंगोटाची गाठ बांधत राहिले.

कारण सगळ्यांना माहीत होतं. ते कुणी बोलत नव्हतं, इतकंच.

आदल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पुण्याचा एक संघ खेळायला आला होता. सामना बरोबरीत आला आणि शेवटची चढाई आमच्या या गड्याची. तो गेला, दोघांना शिवला आणि वळला. एकानं त्याचा पाय धरला. त्याला ओढत तो रेषेपर्यंत आला, हात लांब केला, बोटं रेषेपासून वीतभर राहिली आणि पंचानं शिट्टी दिली. दम तुटला. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो. त्याचा दम तुटलेला मला ऐकू आला नाही, शिट्टी ऐकू आली. त्याच संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, की आदल्या दिवशी दुपारी तो लहरीपुरा दरवाजाजवळ पुण्याच्या गड्यांबरोबर चहा पिताना दिसला होता. बस. एवढंच. पुढचं कुणी बोललं नाही, पण त्या दिवसापासून त्याच्याकडे बघण्याची आमची तऱ्हा बदलली. मीही बघत होतो तसाच.

म्हणून वस्ताद जेव्हा अकोट्याचं सांगायला आले, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा सौदा यानंच जुळवून आणलाय. दुसरा विचार आला, की एकासाठी दोघं कशाला देतायत?

बाकीचे दोन पंच माझ्यापेक्षा संशयी निघाले. एक होते निवृत्त वहिवटदार, म्हणजे तुमच्याकडचे मामलेदार. तालुक्यांत न्यायनिवाडे करून करून त्यांची अशी खात्री झालेली, की समोर येणारा प्रत्येक माणूस काहीतरी मागे ठेवून येतो. दुसरे एक गुजराती शेठ, आखाड्याला रोज दूध पाठवणारे. शेठ गादीवर बसूनच म्हणाले, "मास्तर, मफतमां कोई पाणी पण पातुं नथी." फुकट कुणी पाणीही पाजत नाही. वहिवटदारांनी मान हलवली. आधी ते दोन गडी डोळ्यांनी बघायचे, असं ठरलं.

आम्ही तिघं टांग्यानं नदी ओलांडून अकोट्याला गेलो. विश्वामित्रीचं पाणी खाली गेलं होतं आणि काठाच्या चिखलात मगरी पडल्या होत्या. वहिवटदार पुलावरून त्यांच्याकडे बघत म्हणाले, की मगर झोपलेली दिसते तेव्हाच तिच्याकडे नीट बघावं. अकोटा तेव्हा शेतांच्या मधलं गाव. तिथले वस्ताद आम्हाला सामोरे आले, हात जोडले, पाटावर बसवलं, खारी शिंग, म्हणजे खारे दाणे, आणि दूध पुढे केलं. फारच आदर केला. माझ्या मनात आलं, एवढा कशाला?

दोन्ही गडी मातीत उतरले. एक थोराड, पकड करणारा, मानेपासून खांद्यापर्यंत सरळ उतार. त्यानं कमरेला मिठी घातली की समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटत. दुसरा चपळ, हसतमुख, चढाई करणारा. बरा होता. आमच्या गड्याच्या निम्म्यानंही नव्हता, पण बरा होता.

वहिवटदार माझ्या कानाशी आले. थोराड गडी प्रत्येक वेळी डाव्या बाजूनंच पकड घालतो, हे माझ्याही लक्षात आलं होतं. उजवा खांदा तो पुढे आणतच नव्हता. मी अकोट्याच्या वस्तादांना विचारलं, की याला उजव्या अंगाला काही दुखापत आहे का. ते म्हणाले, सवय आहे. मी म्हटलं, जरा उजवीकडून घालायला सांगा. ते म्हणाले, सांगतो, आणि मग दुसऱ्याच विषयावर गेले, यंदा कापूस कसा आहे त्यावर. शेठनी माझ्या मांडीला हलकेच कोपर लावलं.

परतताना टांग्यात वहिवटदारांनी निकाल देऊनच टाकला. एकाचा खांदा गेलेला, दुसरा अजून कच्चा, आणि आपला माणूस फितलेला. "दोन्ही बाजू एकमेकांना नासका आंबा देतायत," ते म्हणाले. "कुणाचा जास्त नासलाय, एवढंच बघायचं."

घरी आल्यावर मी हे सगळं जेवताना पत्नीला सांगितलं. ती भाकरी वाढत होती. तिनं विचारलं, की ते दोघं देतायत म्हणजे त्या दोघांत खोट आहे, असंच का? मी म्हटलं, नाहीतर कशाला देतील. ती म्हणाली, "अहो, तुमचा एक त्यांच्या दोघांएवढा असेल. हे तुमच्यातल्या एकाच्याही मनात कसं आलं नाही?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पागेकडे गेलो.

तो एका पांढऱ्या घोडीला खरारा करत होता. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही. मास्तर, पंचांपैकी पहिले तुम्हीच आलात, म्हणाला. मी उगाच इकडचं तिकडचं बोललो. मग थेट विचारलं, की अकोट्याला जायचं हे तुझ्या मनानं आहे का.

तो म्हणाला, हो. त्यांचा माणूस भेटला होता, मीच हो म्हटलं.

आणि पुण्याचे गडी?

त्याचा हात थांबला. घोडीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं पुन्हा खरारा सुरू केला आणि घोडीच्या पाठीकडे बघत सांगितलं. त्या संघातला एकजण त्याच्या मामाच्या गावचा. मामी आजारी होती, तिची बातमी तो घेऊन आला होता. म्हणून ते चहाला बसले. मामी पुढे महिन्याभरातच गेली.

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही, मास्तर. विचारलं असतं तर सांगितलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. वस्ताद माझ्या दिशेला बघायचेच बंद झाले. मी लहानपणापासून त्यांच्या मातीत लोळलोय. त्यांनी एकदा मानगूट धरून विचारायचं होतं."

सांगताना त्याचा आवाज हलला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला तेच खटकलं. वर्षभर मनात घोळवलेली गोष्ट अशीच सफाईदार होते, मग ती खरी असो की रचलेली. मामी मेलेली, तिला कोण विचारायला जाणार? पागेच्या बाहेर पडताना मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता, आणि वाटेतल्या कोठीच्या चढापर्यंत पोचेस्तोवर तो अर्धा उरला होता. संशयाला एकदा घर दाखवलं की तो पाहुण्यासारखा निघून जात नाही.

त्या आठवड्यात आम्ही तिघं वस्तादांसमोर बसलो. वहिवटदार म्हणाले, सौदा करू नका, तिकडचे दोघं सदोष आहेत. शेठ म्हणाले, करा. रुसलेला माणूस घरात ठेवला की बाकीचेही रुसायला शिकतात. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पागेतलं बोलणं सांगितलं. वस्ताद ऐकत होते. मी म्हटलं, तुम्ही त्याला एकदा समोर बसवून विचारा, म्हणजे हे सगळं इथेच मिटेल.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मी विचारणार, तो नाही म्हणणार. मग मी काय करू? त्याच्या छातीत शिरून बघू?"

तेव्हा मी माझं मत दिलं. हा सौदा आपल्या तोट्याचा आहे, त्या दोघांना मिळूनही याची सर येणार नाही. पण इथे तो जेव्हा जेव्हा हरेल तेव्हा आपण त्याच्याकडे तसंच बघू. त्याला जाऊ द्या. आखाड्याचा तोटा होऊ द्या, त्याचा तरी नको. शेठ आणि मी एका बाजूला झालो, आणि वस्तादांनी शब्द दिला होता तसा तो पाळला.

तो जायच्या दिवशी आखाड्यात आला. मातीला हात लावून कपाळाला लावला. वस्ताद तिथेच तुळशीजवळ उभे होते. त्यांच्या पाया पडायला तो गेला नाही, आणि ते पुढे आले नाहीत. पुतण्या मला हळूच म्हणाला, बघा मास्तर, ज्याचं मन साफ असतं तो असा जात नाही. मला वाटलं, ज्याचं मन साफ नसतं तो तर रीतसर पाया पडून जातो.

अकोट्याचे दोघं आमच्याकडे आले. थोराड गड्याचा खांदा निरोगी होता. तो खरोखरच डावरा होता, आणि आमच्या मातीत त्यानं डाव्या अंगानं अशा पकडी घातल्या, की वहिवटदारांनी त्या विषयावर बोलणंच सोडलं. त्याला का सोडलं, तेही कालांतरानं कळलं. तिथल्या वस्तादांच्या धाकट्या भावाशी त्याचं शेताच्या बांधावरून वाकडं आलं होतं, आणि रोजची कटकट संपवायची म्हणून त्याला इकडे लावून दिलं. आम्ही त्याच्या हाडांत कारण शोधत होतो, ते बांधावर होतं. चपळ गडी मात्र टिकला नाही. त्याला नवसारीला नोकरी लागली आणि तो निघून गेला. म्हणजे शेवटी एकाला एकच पडला.

मग हिवाळ्यात आमचा आणि अकोट्याचा सामना लागला. असा सामना दरवर्षी व्हायचा, पण त्या वर्षी गर्दी वेगळीच होती. लोक खेळ बघायला आलेच नव्हते. त्याला बघायला आले होते. माझ्या मागे बसलेला एकजण म्हणत होता, की आता कळेल खरा कुणाचा आहे ते. दोन आणे-चार आणे लावून बसलेलेही होते. मी मुद्दाम मधल्या रेषेजवळची जागा धरली. मला या खेपेला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

तो सुंदर खेळला. आमच्या गड्यांना तो नखशिखांत ओळखत होता, कोण आधी डावा पाय उचलतो, कोण घाबरून खाली वाकतो. पहिल्या डावात त्यानं आम्हाला झोडपून काढलं. अकोट्याचे लोक उभे राहून त्याला हाका देत होते. दुसऱ्या डावात आम्ही सावरलो आणि खेळ शेवटाला आला तेव्हा पारडी जवळजवळ सारखी होती. त्यांच्याकडून तोच आला.

त्यानं पुतण्याला शिवलं आणि तो वळला. थोराड गड्यानं डावीकडून येऊन त्याच्या कमरेला मिठी घातली. दोघं रेषेकडे घसरत आले. मी इतका जवळ होतो की त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. हुतूतू, हुतूतू, हुतू... आणि मग नुसता वारा. आवाज नाही. ओठ हलत होते, पण घशात काही उरलं नव्हतं. शिट्टी झाली. त्याची बोटं रेषेच्या अलीकडे मातीत रुतली होती.

त्याच्या छातीत तेवढाच दम होता. पकडणाऱ्याला ओढून आणण्याइतका, आणि शेवटच्या वितीइतका नाही. यात कसलंही कपट नव्हतं. ते ऐकलं तेव्हा मला कळलं, की आदल्या वर्षी जे घडलं तेही हेच होतं.

आमची माणसं ओरडत मैदानात शिरली. मग अकोट्याच्या बाजूनं एक आवाज आला, की जुन्या मिठाला जागला. कुणीतरी हसलं. मग तीन-चार आवाज एकदम. तिकडचे वस्ताद हात वर करून त्यांना गप्प करत होते, पण त्यांच्याही चेहऱ्यावर तेच होतं. तो अजून मातीतच बसला होता, गुडघ्यांवर हात टेकून, श्वास घेत. त्यानं ते ऐकलं. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा आमचे वस्ताद उठले. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून ते सामना खुर्चीवर बसून बघत. ते हळूहळू सगळं मैदान ओलांडून गेले, आमच्या जिंकलेल्या पोरांमधून, मधल्या रेषेवरून, अकोट्याच्या लोकांपर्यंत. सगळे त्यांना वाट देत गेले.

"त्याचा दम तुटला," ते म्हणाले. ते मोठ्यानं बोलत नव्हते, पण ऐकू येत होतं. "गेल्या साली आमच्याकडून खेळताना असाच तुटला होता. मला कळलं होतं. मी तेव्हा बोललो नाही, म्हणून आज तो तुमच्याकडे आहे. त्याच्या नावानं कुणी काही म्हणू नका."

मला वाटलं, संपलं. आणि मग मागून एकजण म्हणाला, की बघा, जुना गुरू आला चेल्याला वाचवायला. आधीच ठरलं असणार दोघांचं. त्यावर लोकांनी माना हलवल्या. वस्ताद एका गुडघ्यावर हात टेकून तिथेच उभे राहिले.

चढाईवाला उठला. त्यानं अंगावरची माती झटकली, सदरा खांद्यावर टाकला आणि तो वस्तादांपाशी आला.

"चला, बसा आता," तो म्हणाला. "पाय दुखतील तुमचे."

त्यानं त्यांच्या कोपराला धरलं आणि आख्ख्या मैदानासमोरून त्यांना खुर्चीपर्यंत आणून बसवलं. अकोट्याच्या लोकांना याहून मोठा पुरावा लागला नसता. ते त्यालाही माहीत होतं. तरी त्यानं धरलेला हात सोडला नाही.

त्यानंतर तो बडोद्यात कुणाकडूनच खेळला नाही. पागेतली नोकरी सोडून तो करजणला सासुरवाडीच्या आधारानं राहायला गेला. तिथे शेती बघायचा आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना हुतूतू शिकवायचा, असं कानावर आलं.

वस्ताद अधूनमधून सकाळच्या गाडीनं कुठेतरी जायला लागले. आखाड्यात कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणे, ते त्याला परत आणणार आहेत. कुणी म्हणे, तिकडे नवा आखाडा काढतायत आणि आपली चांगली पोरं तिकडे नेणार. पुतण्यानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, की काकांच्या मनात काय आहे ते तुम्ही काढून घ्या. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी वस्तादांना म्हटलं, की मीही येतो. ते म्हणाले, या की.

करजणला स्टेशनावरून आम्ही चालत गेलो. तो शेतावरच भेटला. त्याच्या बायकोनं झाडाखाली भाकऱ्या, वांग्याची भाजी आणि ताक आणून दिलं. मी कान देऊन बसलो होतो. सौदा, आखाडा, अकोटा, यातलं काहीतरी निघेल म्हणून. काहीच निघालं नाही. वस्तादांनी मिरची मागून घेतली. त्यानं कणसावर कीड पडली होती ती दाखवली. जेवण झाल्यावर वस्ताद तिथेच धोतराचा सोगा तोंडावर घेऊन झोपले. तो त्यांच्या डोक्याशी बसून एका फांदीनं माश्या वारत होता.

परतीच्या गाडीत मी पुतण्याला काय सांगायचं याचा विचार करत होतो. ते जेवतात आणि झोपतात, हे खरं असलं तरी त्याला पटण्यासारखं नव्हतं. शेवटी मी त्याला तेच सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, मास्तर, तुम्हालाही त्यांनी सामील करून घेतलं तर.